उजवा कौल

५ नोव्हेंबर १९६०, शनिवार

पडवीतली खोली आजपासून डॉ. रेगे ह्यांना दिली. भाडं आणि जेवणाचे पैसे वेगवेगळे ठरवले. हे म्हणत होते, पाहुण्याकडून भाडं कसलं घ्यायचं? मी म्हटलं, शाळामास्तराच्या घरी पाहुणा दोन दिवसांचा असतो, महिन्याचा नसतो.

डॉक्टर मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आहेत. मूळचे वेंगुर्ल्याचे, म्हणून आमच्या बोलण्याला हसत नाहीत आणि बांगड्याचं तिखलं मागून घेतात. माणसांचे डॉक्टर मात्र नव्हेत. रवळनाथाच्या गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या बोळात बारीक वाघळं लोंबतात, त्यांच्यात कुत्र्याच्या पिसाळण्याचा रोग असतो का, ते बघायला आले आहेत. ही वाघळं आंबे-काजूंवर पडणारी नव्हेत, चिलटं आणि पतंग खाऊन राहणारी. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वागळां बघूक सरकार पगार देता? मगे आमच्या भाईक कित्याक शाळेत घातलंय मी?" भाई म्हणजे हे.

देवळातल्या जिवांना हात लावायचा तर देवाला विचारायला हवं. म्हणून गुरुवारी गावकऱ्यांनी कौल लावला. गंगारामदादा गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली. डावी पडली असती तर डॉक्टरांना आल्या बोटीने परत जावं लागलं असतं. अट एकच घातली आहे: देवाच्या आवारात जीव मारायचा नाही. जाळ्यात धरायचं, रक्ताचा थेंब घ्यायचा, सोडायचं. आपोआप मेलेलं सापडलं तर खुशाल न्यावं. त्यासाठी दीपमाळेपाशी एक झाकणाचा डबा ठेवला आहे.

मला चौथा महिना लागला. हे लिहितानासुद्धा हात थबकतो. मागच्या दोन्ही खेपांना ह्याच सुमाराला सगळं संपलं होतं. माईंनी कसले डोहाळे लागलेत म्हणून एकदाही विचारलं नाही. विहिरीवर मात्र माझ्या हातातली कळशी काढून घेतात.

८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी ह्यांच्याबरोबर देवळाकडे जाऊन आले. डॉक्टरांनी बोळाच्या झरोक्याला जाळं लावलं होतं आणि कातड्याचे हातमोजे घालून बसले होते. दिवेलागणीला वाघळं बाहेर पडली. सूप पाखडताना कोंडा उडावा तशी, पण वरच्या वर. एक जाळ्यात अडकलं, ते डॉक्टरांनी कंदिलाशी धरून दाखवलं. नाकावर पान चुरगळल्यासारखी घडी, दात रव्याच्या कणाएवढे. अंग एवढं गरम की मोज्यातूनही लागतं म्हणाले.

ह्यांनी मास्तरकीचा प्रश्न विचारला. कुत्रा कुत्र्याला चावतो आणि रोग पसरतो, हे समजलं. पण ही तर गुण्यागोविंदाने लोंबतात. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, एस.टी.त बसायला जागा नसली की माणसं काय करतात? तेच ही करतात." एकीला एक चिकटून लोंबायचं, चांगल्या जागेसाठी कोपरं मारायची, चावे काढायचे, एकमेकींचं अंग चाटायचं. लाळेतून रोग जातो. त्यातून बाळंतिणींचा घोळका वेगळा असतो, तिथे तर मुंगीला जागा नाही. अमेरिकेत काही वर्षांमागे अशा किडे खाणाऱ्या वाघळांत हा रोग सापडला, तेव्हापासून तिकडे गुहा न् गुहा शोधताहेत. कुत्र्यांत रोग शिरला की कुत्री मरतात आणि प्रकरण मिटतं. वाघळांत तसं नाही म्हणे. काही मरतात, पुष्कळांना थोडासा प्रसाद मिळतो आणि ती निभावतात. निभावलेल्यांच्या रक्तात त्याची खूण राहते. डॉक्टरांचा रक्ताचा थेंब त्या खुणेसाठी. कळप रोगाला संपवत नाही, रोग कळपाला संपवत नाही.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे कुणाला सापडलेला नाही, वहिनी. कुणी शोधलेलाही नाही."

घरी येताना मनात राहिलं ते वेगळंच. डॉक्टर सांगत होते, मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. ते छातीशी धरून ती उलटी लोंबते. खाली पडलं की गेलं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी देवळात गेले तर दीपमाळेच्या पायाशी, भर उन्हात, एक वाघूळ पडलेलं. पंख पसरलेले, तोंड उघडं. बाजूच्या फणसावर कावळा टपून बसला होता. मला बघवेना. पदराने उचलून सावलीत आणलं. गंगारामदादा आत पूजेत होते. त्यांच्याकडून पळीभर तीर्थ मागून घेतलं आणि निरांजनाची कोरी वात भिजवून त्याच्या तोंडाशी धरली. पाणी पिईना. वात तोंडाला लागली की सगळं अंग ताठ करी. मग एकदम वातीला चावलं, तिच्यासकट माझ्या अंगठ्याला. बोरीचा काटा लागावा इतकंच. थोड्या वेळाने ओंजळीतच निवलं.

डॉक्टरांचा डबा समोर होता. पण त्यात टाकलं की ते डोकं फोडून मेंदू काढणार, हे मला ठाऊक होतं. देवाच्या दारात तीर्थ तोंडाला लागून गेलेला जीव, त्याची अशी विटंबना कशी करू? जास्वंदीच्या फुलाबरोबर पदराखाली घेऊन तशीच किनाऱ्यावर गेले आणि ओहोटीच्या पाण्यात सोडलं. नारळाच्या बागेकडून परत आले, उगाच कुणी विचारायला नको.

मनाला फार बरं वाटलं. काही तरी हातून घडलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी गंगारामदादांना विचारलं, काही पडलेलं सापडलं का? ते नाही म्हणाले. मी घरामागच्या परड्यात अळू काढत होते, गप्प राहिले.

१४ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवताना ह्यांनी सहज विचारलं, डबा रिकामाच का? डॉक्टर म्हणाले, खरी अडचण तीच आहे. जाळ्यात सापडतात ती धडधाकट. रोग झालेलं वाघूळ संध्याकाळी बाहेर पडत नाही, पडलं तर परतत नाही. आणि माणसाच्या हाती लागतं ते नेमकं आजारीच. "धड असलेलं वाघूळ तुमच्या हाताला कधी तरी लागलं आहे का, मास्तर? दिवसाउजेडी जमिनीवर पडलेलं, उडता न येणारं, असं एक जरी मिळालं तर माझी खेप सत्कारणी लागेल. मात्र त्याला नुसत्या हाताने शिवू नये, एवढं तुम्ही मुलांकडून घरोघर सांगा. चावलं तर काटा लागल्यासारखं वाटतं. माणूस विसरून जातो."

मी सोलकढी वाढत होते. ती ह्यांच्या पानाबाहेर गेली. हे म्हणाले, लक्ष कुठे आहे? माई माझ्याकडे बघत राहिल्या.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

अंगठ्यावर आता काही दिसत नाही. उजेडात धरलं तर दोन ठिपके, शाईच्या टाकाने केल्यासारखे. येता-जाता तांब्या तोंडाला लावते. घोट नीट उतरला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, मग वाटतं, आत्ता उतरला, उद्याचं काय? विहिरीत डोकावून पाहिलं. पाण्याची भीती वाटली नाही. भीती वाटते का ह्याचीच भीती वाटली.

सांगावं तर पोटात सुया. हे सगळ्यांना माहीत आहे, पिसाळलेल्याचं औषध पोटात टोचतात, चौदा दिवस, लांबलचक सुयांनी. त्या पोटात काय आहे हे त्या सुयांना कोण सांगणार? दोनदा रिकाम्या ओटीने उठले आहे. तिसऱ्यांदा स्वतःच्या पायाने जाऊन टोचून घेऊ? आणि एवढ्याशा दातांचं ते वाघूळ, त्याला काही झालेलं नसेलही. उन्हाने पडलं असेल.

दुपारी माई तांदूळ निवडायला बसल्या, मलाही बोलावलं. निवडता निवडता गंगारामदादांच्या मुलाची गोष्ट काढली. मी लग्न होऊन यायच्या आधीची. महादू त्याचं नाव, दहा-अकरा वर्षांचा. त्याला कुत्रा चावला. लोक म्हणाले, मालवणला दवाखान्यात ने. गंगारामदादांनी देवाला विचारलं. स्वतःच्या मुलासाठी स्वतःच कौल लावला. "डावो पडलो," माई म्हणाल्या. "तेना नेल्यान नाय." महिना-दीड महिन्याने मुलगा गेला, पाण्याचा आवाज ऐकला तरी किंचाळत. अकराव्याचं सगळं आटोपल्यावर गंगारामदादा परत पूजेला उभे राहिले, एक दिवसही चुकले नाहीत.

केवढी निष्ठा म्हणायची! मी तसं म्हटलंही. माई सुपातले खडे वेचत राहिल्या. मग वर न बघता विचारलं, "तुझ्या आंगठ्याक काय झाला गो?"

भाजी चिरताना अडाळ्यावर लागलं, म्हटलं.

"अडाळो कापता. टोचणा नाय."

१६ नोव्हेंबर, बुधवार

आज सांगून टाकलं. ह्यांना नव्हे, सगळ्यांदेखत, डॉक्टर चहा घेत होते तेव्हा. बोलायला लागल्यावर थांबताच येईना. तीर्थ, वात, जास्वंद, ओहोटी, सगळं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "ते कुठे आहे आता?"

"समुद्रात."

त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डबा तुमच्यापासून दोन हातांवर होता, वहिनी." रागाने नव्हे. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते वाघूळ मुंबईला पोचलं असतं, तर त्याचा मेंदू पांढऱ्या उंदरांना टोचून काय ते समजलं असतं. आता कधीच समजणार नाही. पडलेलं होतं, पाणी घेईना, चावलं. एवढ्यावरच ठरवायचं. आणि ठरवायला उशीर करायचा नाही, पाच दिवस आधीच गेलेत.

मी पोटाचं विचारलं. म्हणाले, सुई कातडीखालीच राहते, मुलापर्यंत जात नाही. मी म्हटलं, तसं लिहून द्याल? "नाही देणार. ह्या लशीने हजारांत एखाद्याचे पाय लुळे पडतात, तेही मी लपवणार नाही. पण रोग एकदा वर आला की हजारांतले हजार जातात."

हे उठून एस.टी.ची वेळ बघायला निघाले. मी म्हटलं, देवाचा कौल घेतल्याशिवाय मी पोटाला सुई लावून घेणार नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. म्हणाले, मॅट्रिक कशाला झालीस? मी म्हटलं, मॅट्रिक झाले म्हणून देव सुटला नाही. डॉक्टरांनी माईंकडे पाहिलं, त्यांना वाटलं असावं, म्हातारी आता सुनेचीच बाजू घेणार.

माईंनी तीच घेतली. "अरे भाई, आवाज करू नको. कौल घेवया. परवा अवस, तेवा उद्या सकाळीच घेवक व्हयो. गंगारामाक मी जावन सांगान येतंय."

मी जाते म्हटलं तर नको म्हणाल्या. नारळ घेऊन एकट्याच गेल्या. दोन घरं सोडून घर, पण दिवे लागले तेव्हा परत आल्या. तुळशीपाशी बसून राहिल्या, हातपाय धुवायचंही भान नव्हतं. नारळ तसाच टोपलीत होता, द्यायचा विसरल्या. वय झालं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं लिहून ठेवते. पुढे कधी मन डळमळलं तर वाचता येईल.

आंघोळ करून अनवाणी गेले. मी आणि हे सभामंडपात, माई खांबाला टेकून. समईचा उजेड होता, गाभाऱ्यातलं सगळं स्वच्छ दिसत होतं. गंगारामदादांचे डोळे तांबडे होते, रात्री झोप लागली नसावी. डावीकडची पाकळी त्यांनी तांब्यात पुरी बुडवली, देवाच्या खांद्यावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली, बराच वेळ. मग हात पंच्याला पुसले. एकदा पुसले, परत पुसले. उजवीकडची पाकळी जेमतेम टेकवली.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्यात दादांचा आवाज नेहमी घुमतो, आज खाली खाली जात होता. "ह्या लेकराक जीव डसलो आसा. पोटाक सुयो टोचून घेवच्यो आसात तर उजवी दी. नको आसात तर डावी दी. आणि काय चुकला-माकला आसात..." इथे थांबले. मला वाटलं, पुढचं आठवत नाही. "...तर ता माझ्या माथ्यार घाल, लेकराच्या नको."

खरं लिहायचं तर मी मनातून डावी मागत होते. हात जोडलेले आणि मनात एकच, डावी दे, डावी दे, माझ्या पोटाला हात लावू देऊ नको. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं तोच उजवी पडली. डावी जागची हलली नाही.

मी तिथेच खाली बसले. पाकळीने माझं ऐकलं नाही, म्हणूनच खात्री पटली की हा माझ्या मनाचा खेळ नव्हे, देवाचाच कौल. वर पाहिलं तर माई देवाकडे बघतच नव्हत्या, फरशीकडे बघत होत्या. गंगारामदादांनी तीर्थसुद्धा दिलं नाही, पाठ फिरवून उभे राहिले.

दुपारच्या एस.टी.ने मालवणला गेलो. पहिली सुई झाली. फार लांब नव्हती.

१९ नोव्हेंबर, शनिवार

रोज एस.टी., रोज दवाखान्यातलं बाकडं. माझ्या शेजारी आचऱ्याची एक म्हातारी असते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "माका कोलो चावलो. तुका काय गो?" मी हळूच म्हटलं, वाघूळ. तिने सगळ्या बाकड्याला सांगितलं. "आयकलास? हिका पाखरू चावला!" कुत्रे चावलेले सगळे हसले. मलाही हसू आलं, मग पोट दुखलं. काल तिने पदराखालून मला दोन चिकू दिले, पोटातल्यासाठी म्हणून. मी काही सांगितलं नव्हतं. तिला दिसलं.

बेंबीभोवती गांधी उठल्या आहेत. देवदिवाळीचा नैवेद्य माईंनी एकट्यांनी केला.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

अंगात कणकण. काल रात्रीपासून डाव्या पायाला मुंग्या येतात. म्हणजे आता तपासायच्या दोन गोष्टी झाल्या. पाणी गिळून बघायचं आणि अंगणात चालून बघायचं. उठते, तुळशीला फेरी घालते, पाय उचलला जातो, परत येऊन बसते, पुन्हा वाटतं, मघापेक्षा जड तर नाही? हे म्हणाले, स्वस्थ बस, पाय तू चालतेस म्हणून दुखतात. शांत कसं बसायचं ते मला कुणी शिकवलेलंच नाही बहुतेक. जप करायला घेतला तर मणी मोजून होतात, नाव तोंडात येत नाही.

गावातून डॉक्टरांकडे डबे यायला लागले आहेत. ह्यांनी शाळेत सांगितल्यापासून मुलं चिमट्याने उचलून आणतात. डॉक्टरांना आनंद झाला आहे, पण माझ्यासमोर दाखवत नाहीत. मेंदू ग्लिसरिनच्या बाटल्यांत भरून बोटीने पाठवतात.

३० नोव्हेंबर, बुधवार

शेवटची झाली. पायाच्या मुंग्या दोन दिवसांपूर्वीच गेल्या. पोट मात्र अजून आहे तसंच, हे बोटाने चाचपून, देवाचं नाव घेऊन लिहिते.

डॉक्टर उद्याच्या बोटीने जातात. मी विचारलं, आता मी सुटले ना? म्हणाले, बहुतेक. हा रोग कधी कधी महिने न् महिने गप्प बसतो, म्हणून बहुतेक. त्यांना खोटं बोलता येत नाही. आणि बोळातली? ती लोंबत राहतील, म्हणाले. रोग असला तरी लोंबतील, नसला तरी लोंबतील. त्यांना न हाकलता, न शिवता, देवाने ठेवलं तसं राहू द्या.

९ डिसेंबर, शुक्रवार

देवाला खण-नारळ घेऊन गेले. गाभाऱ्यात गंगारामदादा नव्हते, त्यांचे धाकटे भाऊ गणपत होते. म्हणाले, "आता कौल मीच लावतंय. दादान सोडल्यान." कधीपासून? अमावास्येपासून.

घरी जाऊन भेटले. अंगणात सुंभ वळत बसले होते. मी म्हटलं, दादा, तुमच्या हातचा कौल म्हणून मी उभी आहे, तुम्ही का सोडलं? सुंभ वळत राहिले. "देवान सांगूचा ता सांगल्यान. आता माका इचारू नको गो."

वाईट वाटलं. मुलगा गेला तेव्हा ज्यांनी सेवा सोडली नाही, त्यांनी आता का सोडावी? माईंना बोलले, तर त्या म्हणाल्या, दमलो असात. माईंचंही तेच. हल्ली देवळात आत येत नाहीत, दीपमाळेपासूनच हात जोडतात. गुडघे दुखतात म्हणून पायरी चढवत नाही म्हणे. परड्यातल्या पायऱ्या मात्र चढतात. दोघांनाही एकदम म्हातारपण आलं.

२० डिसेंबर, मंगळवार

दुपारी भात वेळताना आत काही तरी हललं. मासा पाण्यात वळावा तसं. भांडं खाली ठेवून उभी राहिले. परत हललं.

मागच्या दोन्ही खेपांना इथवर आलेच नव्हते. माईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, उठून परड्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोक्यावरून पदर पुढे ओढलेला होता. थेट गंगारामदादांच्या घरी गेल्या. आधी देवाला सांगायचं सोडून!

१४ जानेवारी १९६१, शनिवार

संक्रांत. डॉक्टरांचं कार्ड आलं. पाठवलेल्या बाटल्यांपैकी कशानेच उंदीर आजारी पडले नाहीत. रक्ताचं काम अजून चालू आहे. "नाही असं म्हणता येत नाही, सापडला नाही एवढंच म्हणता येतं," असं लिहिलं आहे, आणि माझी प्रकृती विचारली आहे. हे कार्ड दोनदा वाचून म्हणाले, म्हणजे सुया फुकटच गेल्या? माई म्हणाल्या, "फुकट गेल्यो तर बरा झाला."

मला मात्र रात्री-अपरात्री एकच सुटत नाही. जे एक नेमकं हवं होतं ते मी समुद्रात सोडलं. त्या एकाचं उत्तर आता कुणाकडेच नाही, देवाकडे आहे तेवढंच. आणि त्याने ते पाकळीने दिलं.

संध्याकाळी तिळगूळ घेऊन गंगारामदादांकडे गेले. गूळ ह्या वर्षी महाग, लाडू बारीक वळले. ते ओटीवर बसले होते, देवळाकडे पाठ करून. आधी त्यांनीच विचारलं, "पॉर हलता मा गो?"

हलतं म्हटलं. सारखं हलतं, मला बसू देत नाही.

त्यांनी डोळे मिटले. मी लाडू पुढे केला, म्हटलं, हात करा दादा. "हातार नको," म्हणाले, "हय घाल," आणि पंच्याची खोळ पुढे केली. देवाधर्माचं काही हातात घेतच नाहीत हल्ली, गणपतची बायको सांगत होती, प्रसादसुद्धा पंच्यातच घेतात. उजव्या हाताचा अंगठा मुठीत मिटून धरलेला होता, लहान मुलं धरतात तसा.

"दुखतो का?" मी विचारलं.

त्यांनी मूठ पंच्याखाली घेतली. मग म्हणाले, "दुखता."

वात असणार. ह्या थंडीत सांधे धरतातच. उद्या तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून देते, कोमट करून अंगठ्याच्या मुळाशी चोळा म्हणावं, आठ दिवसांत सुटेल. बाटली मात्र आठवणीने परत मागायला हवी.